क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स

मुंबईच्या अंधेरी उपनगरातील, न्याय्य व्यापाराच्या तत्त्वावर चालणारी महिलांची उत्पादक संस्था. स्पॅनिश मिशनरी इसाबेल मार्टिन यांनी १९८४ मध्ये झोपडपट्टीतील महिलांसाठी ती सुरू केली. प्रारंभी कापडी खेळणी आणि पुढे तयार कपडे, असे काम वाढत गेले. माल परदेशी, मुख्यतः युरोपातील न्याय्य व्यापाराच्या खरेदीदारांकडे जातो. संस्था जागतिक न्याय्य व्यापार संघटनेची सदस्य आहे. हस्तकलेच्या मालासाठी उत्पादकाने मागितल्यास खरेदीदाराने किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असे या संघटनेचे तत्त्व सांगते. गाठीशी भांडवल नसलेल्या महिलांना हे तत्त्व चांगल्या भावाइतकेच मोलाचे आहे, कारण कापड-दोऱ्यासाठी सावकाराचे दार ठोठावावे लागत नाही.

चहाच्या व्यापारात न्याय्य व्यापाराच्या चळवळीचे रूप वेगळे दिसते. दार्जिलिंग किंवा आसामातील प्रमाणित मळ्यांत किमतीवर मिळणाऱ्या अधिमूल्याचा विनियोग मजुरांचे निवडलेले प्रतिनिधी ठरवतात, पण मोठा मळा मालकाचाच राहतो. याउलट अंधेरीतील महिला गट सहकारी पद्धतीने चालतात. न्याय्य व्यापाराचे हे अधिक सखोल रूप म्हटले पाहिजे.