अफवा आणि तहकीक

उर्दूच्या तासाला मी मुलांना शब्दांची मुळे सांगते. 'अफवाह' हा मूळचा अरबी शब्द. मराठीत तो 'अफवा' झाला. अरबीत तो अनेकवचनी आहे आणि त्याचा अर्थ 'तोंडे' असा. तोंडातोंडी फिरते, पण जिचा धनी सापडत नाही ती अफवा. २०१८ साली या तोंडांची जागा मोबाइलने घेतली होती.

त्या वर्षी मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर पसरली. पुरावा म्हणून एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचे मूल उचलून पळतात, एवढेच तिच्यात दिसे. ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केली होती. मूळ फितीत तेच दोघे शेवटी मुलाला परत आणून सोडतात. तो शेवट कोणीतरी कापला होता. ओळीने ठेवलेल्या मृत मुलांचे एक छायाचित्रही फिरले. ते सीरियातील घौता येथे ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या रासायनिक हल्ल्यातील होते. छायाचित्र खरे, मजकूर खोटा.

ती चित्रफीत मीही पालकांच्या गटात पाठवली होती. काळजीपोटी, पण तपासल्याविना.

१ जुलै २०१८ रोजी रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे ठरवले आणि ठेचून मारले. त्याच रात्री मालेगावच्या आझादनगरात पाच जणांचे एक फिरस्ते कुटुंब जमावाच्या हाती सापडले. त्यात एक लहान मूलही होते. पण वस्तीतल्याच काही लोकांनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. दिवस तोच, अफवा तीच. एकीकडे पाच मृत्यू झाले, दुसरीकडे पाच जीव वाचले. मालेगावात ऐकीव गोष्टीवर हात न उचलणारी थोडी माणसे होती, एवढाच काय तो फरक.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण आणली. भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडण्याची मर्यादाही जाहीर केली. याने अफवेचा वेग कमी होईल. पण आपल्या मनाला लगाम कोण घालणार?

हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी ही शिस्त पाळली होती. सांगणारा कोण, त्याने कोणाकडून ऐकले, मधली कडी तुटली आहे का, हे पाहिल्याशिवाय ते कथन स्वीकारत नसत. या साखळीला 'इस्नाद' म्हणतात. तिचा अभिमान आपण सांगतो आणि हातातला संदेश मात्र साखळी न विचारता पुढे ढकलतो!

आता माझ्या वर्गात फळ्यावर चार प्रश्न असतात: हे कोणी सांगितले? केव्हाचे आहे? कुठले आहे? काही कापले आहे का? त्यांच्यावर मी एक शब्द लिहिते, 'तहकीक'. त्याचे मूळ 'हक', म्हणजे सत्य. परवा एका मुलीने विचारले, "मॅडम, उत्तर नाही मिळालं तर?"

मी म्हटले, "तर पाठवायचं नाही."