तहान लागल्यावर विहीर

मंडळी, 7 मे 2025 रोजी देशात ठिकठिकाणी नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. आपल्या पालघर जिल्ह्यातून तारापूरची निवड झाली होती. 1969 पासून तिथे अणुवीज केंद्र आहे ना! भोंगा, काळोख, आडोसा हे धडे जुनेच. 1971 च्या युद्धात, 3 ते 16 डिसेंबर, मुंबईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते. मोटारींचे दिवेही अर्धे काळे रंगवत. विमानाला खालचा उजेड दिसू नये, एवढाच हेतू. जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर तेव्हा झाकायला वीजच नव्हती!

पण काळोखाने पहिली रात्र निभावते. दुसऱ्या दिवसापासून माणूस तगतो तो पाणी, धान्य आणि दवाखाना यांवर. उद्या किनाऱ्यावरची माणसे हलवायची वेळ आलीच, तर ती डोंगराकडे, म्हणजे आमच्याकडेच येणार. त्यांना आम्ही काय देणार? जव्हारच्या वावर-वांगणीत 1992 साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा कुठलेही युद्ध नव्हते. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यात.

नागरी संरक्षणाचा कायदा 1968 चा. त्याचा आमच्यापुरता अर्थ मी साधा लावतो: मे महिन्यातही पाणी असलेली विहीर, धान्य असलेले रेशन दुकान, डॉक्टर हजर असलेले आरोग्य केंद्र. एवढे असेल तर आम्ही जगू आणि आलेल्यांनाही जगवू. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवतोच. भोंगा वाजल्यावर तर ती खणताच येत नाही.