ओल्ड टॉमचे दात आणि ईडनचे दप्तर

१७ सप्टेंबर १९३० रोजी ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ईडन या गावी, स्नग कोव्ह नावाच्या धक्क्यालगतच्या पाण्यात, एक मेलेला किलर व्हेल तरंगताना सापडला. त्याची लांबी २२ फूट भरली आणि पाठीवरचा पंख ५ फूट ८ इंच उंच होता. त्या पंखावरूनच गावाने त्याला ओळखले. त्याचे नाव ओल्ड टॉम. त्याचा सांगाडा जपायचा असे गावाने ठरवले आणि १९३१ साली, जागतिक मंदी ऐन भरात असताना, त्या सांगाड्याभोवती एक छोटे संग्रहालय उभे राहू लागले. ‘ईडन किलर व्हेल म्युझियम’ या नावाने ते आजही चालू आहे.

एका जनावराच्या हाडांसाठी मच्छीमारांच्या गावाने संग्रहालय का उभारावे? याचे उत्तर गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते असे: दर हिवाळ्यात मोठे देवमासे किनाऱ्याने जाऊ लागले की किलर व्हेलची टोळी त्यांना हेरून टूफोल्ड उपसागरात कोंडून धरी. मग त्यांतला एखादा किआ नदीच्या मुखाशी येऊन शेपटीने पाणी आपटे. तो आवाज ऐकून डेव्हिडसन घराण्याचे शिकारी होड्या वल्हवत निघत आणि देवमाशाला भाल्याने मारत. किलरांना बक्षीस म्हणून त्याची जीभ आणि ओठ मिळत, चरबी आणि हाडे माणसांची. या व्यवहाराला गावात ‘जिभेचा कायदा’ म्हणत. ओल्ड टॉम या टोळीतला सगळ्यांत प्रसिद्ध गडी.

अशी गोष्ट ऐकली की मन लगेच विश्वास ठेवायला धावते, आणि म्हणूनच ती सावकाश तपासायला हवी. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली तेव्हापासून मराठी इतिहासलेखनाला एक शिस्त लागली: बखर वाचावी, पण निकाल द्यावा तो त्या काळच्या अस्सल कागदावरून. ईडनची बखर म्हणावी असे पुस्तक आहे टॉम मीड याचे १९६१ मधले ‘किलर्स ऑफ ईडन’. ते रंगतदार आहे, त्यात संवाद आहेत, आणि जगभर ही गोष्ट बरीचशी त्यावरूनच पसरली. पण मीड लिहीत होता तेव्हा टॉमला मरून तीस वर्षे झाली होती. ते पुस्तक बाजूला ठेवले तर उरते काय?

उरते ते थोडे नाही. सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोलाचा साक्षीदार ऑस्वल्ड ब्रायर्ली. हा इंग्रज चित्रकार. बेंजामिन बॉइड नावाच्या श्रीमंत, महत्त्वाकांक्षी व्यापाऱ्याबरोबर तो ऑस्ट्रेलियात आला आणि १८४३ पासून सुमारे पाच वर्षे टूफोल्ड उपसागरात बॉइडच्या शिकारी ठाण्याचा कारभार पाहत राहिला. बॉइडचा धंदा पुढे बुडाला आणि १८५१ मध्ये तो सॉलोमन बेटांवर उतरला तो परतलाच नाही. ब्रायर्ली मात्र इंग्लंडला गेला, व्हिक्टोरिया राणीचा सागरी चित्रकार झाला, ‘सर’ झाला. त्याच्या रोजनिशा सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. किलर व्हेल देवमाशांवर कसे तुटून पडतात, शिकारी त्यांना इजा का करत नाहीत, हे त्याने त्या त्या वेळी टिपून ठेवले. डेव्हिडसन घराणे या धंद्यात उतरले ते १८६० च्या आसपास. म्हणजे माणूस आणि किलर यांची ही गाठ डेव्हिडसनांनी घातलेली नाही. त्यांच्याआधी निदान पंधरा वर्षे ती कागदावर आली होती.

आणि कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून ती होती. या किनाऱ्याचे मूळ रहिवासी थावा लोक. किलर व्हेलला ते ‘बिओवा’ म्हणत आणि आपले मेलेले पूर्वज बिओवाच्या रूपाने समुद्रात परत येतात अशी त्यांची श्रद्धा. ब्रायर्लीला हे कळले ते बजिनब्रोसारख्या थावा सोबत्यांकडून. त्याचे नाव रोजनिशीत येते. १८४४ मध्ये मूळ रहिवाशांच्या ‘संरक्षणा’साठी नेमलेला अधिकारी जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन या भागातून फिरला. त्याच्याही टिपणांत शिकारी होड्यांवर मूळ रहिवासी खलाशी असल्याची नोंद आहे. दोन गोरे, एक धंद्याच्या कामावर आणि एक सरकारी फेरीवर, होड्या वल्हवणारे हात थावा आणि शेजारच्या लोकांचे होते हे नोंदवून ठेवतात. माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची जुळणी आहे. गावगोष्टीत नायक म्हणून डेव्हिडसन पुढे येतात, पण किलरला मारायचे नाही हा नियम ज्यांच्या श्रद्धेतून आला ते लोक होडीच्या वल्ह्यावर बसलेले होते. पुढच्या काळात किलरांना दिलेल्या नावांतही हे दिसते. हुकी, हम्पी, स्ट्रेंजर, कूपर, टायपी अशा नावांच्या बरोबरीने चार्ली ॲडजरीसारखी नावे सापडतात, ती दिवंगत मूळ रहिवासी शिकाऱ्यांची.

आता मधला काळ. डेव्हिडसनांच्या तीन पिढ्या: बॉइडच्या नोकरीत सुतार म्हणून आलेला स्कॉटिश अलेक्झांडर, त्याचा मुलगा जॉन, आणि नातू जॉर्ज. किआच्या मुखाशी त्यांचे ठाणे होते आणि चरबी कढवायच्या मोठ्या कढया तिथेच होत्या. ती जागा आता ऐतिहासिक स्थळ म्हणून राखली आहे. जॉर्जच्या काळासाठी आपल्याकडे आणखी एक साधन आहे, छायाचित्र. ईडनच्या चार्ल्स वेलिंग्ज याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या शिकारीचे फोटो काढले. देवमासा, होडी आणि किलरचा उभा काळा पंख एकाच चौकटीत असलेली चित्रे त्यांत आहेत. १९१० मध्ये त्याने सी. बी. जेंकिन्सबरोबर शिकारीचे चलच्चित्रही घेतले. १९१२ मध्ये ते सिडनीत दाखवले गेले आणि पुढे हरवले. ते आज मिळते तर निम्मे वाद मिटले असते. १९३४ मध्ये सिडनी विद्यापीठाचा प्राणिशास्त्रज्ञ विल्यम डेकिन याने ‘व्हेलमेन ॲडव्हेंचरर्स’ या पुस्तकात ही हकिगत नोंदवली. १९४४ मध्ये गावचा इतिहासकार एच. पी. वेलिंग्ज याने प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात छोटे टिपण लिहिले. डेकिन लिहीत होता तेव्हा जॉर्ज डेव्हिडसन हयात होता. तो १९५२ मध्ये वारला.

जिभेच्या कायद्याचा व्यवहार या साधनांतून नीट उलगडतो आणि त्यात चमत्कार काही उरत नाही. मारलेला देवमासा बुडतो. एवढे धूड वल्ह्यांच्या होडीने लगेच ओढून नेणे कठीण. म्हणून शिकारी त्याला नांगर आणि तरंगता पिंप बांधून तिथेच सोडत. त्या अवधीत किलर जीभ आणि ओठ खात. त्यांना बाकीच्यात रस नसे. एक-दोन दिवसांत पोटात वायू धरून धूड वर येई, मग माणसे ते ओढून कढयांपाशी नेत. म्हणजे किलरांचा वाटा देण्यासाठी माणसांना आपल्या वाट्यातले काही सोडावे लागत नव्हते, फक्त थांबावे लागे, आणि थांबणे तसेही भाग होते. दोन्ही बाजूंचा फायदा असा एकमेकांत बसला की करार न लिहिता तो ऐंशी वर्षे पाळला गेला. आपल्याकडे जलाशयावर पहाटे जाळी काढणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पाणकावळे कुठे बुड्या मारतात ते बघून जाळे टाकणे, आणि जाळ्यातून निसटलेली मासळी पाणकावळ्यांनी टिपणे, हा व्यवहार तो जाणतो. ईडनमध्ये वेगळे होते ते एवढेच की दुसऱ्या बाजूचा गडी स्वतः येऊन बोलावत होता.

तो खरेच ‘बोलावत’ होता का? शेपटी आपटल्याच्या हकिगती अनेक आणि स्वतंत्र आहेत, त्या नाकारण्याचे कारण दिसत नाही. त्यामागचा हेतू मात्र कोणत्याही कागदावरून सिद्ध होत नाही, आणि इथे लेखणी आवरती घ्यावी हेच बरे.

टॉमची म्हणून जी खास कथा आहे ती दोराची. भाला लागलेला देवमासा होडी ओढत पळू लागला की टॉम तो दोर दातांत धरी, असे शिकारी सांगत. काहींच्या मते मदतीला, काहींच्या मते खेळ म्हणून. पुढे १९२० च्या दशकात, देवमासे फार कमी झाले असताना, जॉन लोगन नावाचा जमीनदार डेव्हिडसनबरोबर बोटीवर होता. एक लहान देवमासा मारला गेला. वादळ येत होते, म्हणून धूड टॉमसाठी न सोडता ओढून नेण्याचे ठरले. टॉमने दोर धरला, ओढाताण झाली आणि त्याचे दात निखळले. ही हकिगत लोगनच्या मुलीने पुढे सांगितली. ती तेव्हा लहान होती आणि त्या बोटीवर होती. जखमेत पू होऊन टॉम उपासमारीने मेला, आणि त्या अपराधाच्या जाणिवेतून लोगनने सांगाडा जपण्यासाठी व संग्रहालयासाठी पुढाकार घेतला, असे गाव मानते. लोगनचा पुढाकार पक्का आहे. सांगाडा साफ करण्यात जॉर्ज डेव्हिडसनचा हात होता हेही पक्के. त्या दिवशीची ओढाताण मात्र एका साक्षीवर उभी आहे. साक्षीदार प्रत्यक्षदर्शी आहे, पण वय लहान आणि सांगण्याचा काळ उशिराचा. ती खोटी ठरवण्याचे कारण नाही, पण तिचे वजन ब्रायर्लीच्या रोजनिशीइतके धरता येत नाही.

असाच विचार १९२६ च्या दुर्घटनेबाबत करावा लागतो. त्या वर्षी जॉर्जचा मुलगा जॅक आणि त्याची दोन मुले किआच्या मुखाशी होडी उलटून बुडाली. शोध चालू असताना टॉम त्या पाण्यात घिरट्या घालत होता असे सांगतात. बुडणे खरे, त्याचे दुःख खरे. टॉमच्या घिरट्या त्या दुःखाच्या आठवणीत मिसळून आपल्यापर्यंत आल्या आहेत, आणि त्यांना वेगळे काढायचे साधन हाती नाही.

मग हाडांकडे वळावे. संग्रहालयात टॉमचा जबडा जवळून पाहता येतो. किलरचे दात शंकूसारखे टोकदार, किंचित आत वळलेले असतात. टॉमच्या जबड्यात मात्र काही दात पार झिजलेले आहेत, टोक जाऊन वरचा भाग गुळगुळीत झालेला. दोराच्या घर्षणाने ही झीज झाली असे गाव नव्वद वर्षे दाखवत आले आहे. पण शार्कसारखी खरबरीत कातडीची शिकार खाणाऱ्या किलरांचे दातही असेच, कधी हिरडीपर्यंत, झिजतात, हे आता इतर समुद्रांतल्या अभ्यासांवरून ठाऊक आहे. दात दोराशी विसंगत नाहीत, पण दोर सिद्धही करत नाहीत.

त्याहून मोठा धक्का १९८० मध्ये बसला. दात उभा कापला की झाडाच्या खोडासारखे थर दिसतात आणि त्यांवरून वयाचा अंदाज करता येतो. मिचेल आणि बेकर या संशोधकांनी टॉमच्या दाताची तशी तपासणी केली, तेव्हा वय निघाले सुमारे ३५ वर्षे. म्हणजे जन्म १८९५ च्या आसपास. गावाच्या समजुतीप्रमाणे टॉम डेव्हिडसनांच्या तीनही पिढ्यांचा सोबती, ऐंशी-नव्वद वर्षांचा. म्हाताऱ्या जनावरात थर इतके दाटतात की मोजणी कमी भरू शकते, हे मान्य केले तरी एवढे अंतर भरून निघणे अवघड. मला जास्त संभवनीय वाटते ते हे की ‘टॉम’ हे नाव, किंवा टॉमसारख्या उंच पंखाच्या नराची आठवण, एका जनावराकडून दुसऱ्याकडे गेली असावी. गावगोष्टींत असे नेहमी होते. आपल्याकडेही एका नावाच्या दोन पुरुषांची चरित्रे एक झालेली आहेत.

इथे त्या संग्रहालयाच्या समर्थकांविषयी मनापासून आदर वाटतो. त्यांनी आपली लाडकी गोष्ट जपली, पण तिच्यासोबत तिला खोटे ठरवू शकेल असा पुरावाही जपला. लोगनचा पैसा, डेव्हिडसनची सुरी, नंतर दार उघडून बसणारे, धूळ झटकणारे, वेलिंग्जच्या फोटोंच्या प्रती सांभाळणारे कितीतरी जण. त्यांतल्या कोणी दात उपटून आठवण म्हणून घरी नेले असते तर १९८० ची तपासणी झालीच नसती. आपल्या रत्नागिरीच्या मत्स्य संग्रहालयातही देवमाशाचा सांगाडा आहे. तो कुठल्या किनाऱ्याला लागला, कोणी पाहिला, कोणी ओढून आणला, हे कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेण्याचे काम कोकणातल्या एखाद्या अभ्यासकाने जरूर करावे.

ईडनचा कागद अजून संपलेला नाही. उपसागराभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानाला बॉइडचे नाव होते. हा तोच बॉइड, ज्याने १८४७ मध्ये पॅसिफिक बेटांवरून माणसे मजुरीला आणवली. २०२२ मध्ये ते नाव काढून ‘बिओवा राष्ट्रीय उद्यान’ असे ठेवण्यात आले. २०२३ मध्ये फ्लिंडर्स विद्यापीठाच्या इझाबेला रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी टॉमच्या दातातून आणि जबड्यातून डीएनए मिळवून त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. थावा समाजाचे स्टीव्हन होम्स या संशोधनाशी जोडलेले होते. निष्कर्ष असा की आजच्या किलरांपैकी टॉमचे सर्वांत जवळचे साम्य न्यूझीलंडच्या किलरांशी आहे. पण ज्यांचे नमुने तपासले त्यांपैकी कोणीही त्याचे थेट वंशज नाहीत. टॉमची टोळी बहुधा नामशेष झाली. न्यूझीलंडचे किलर पाकट आणि शार्क खातात हे लक्षात घेता त्या झिजलेल्या दातांचा प्रश्न पुन्हा उघडायला हवा, आणि तो उघडता येईल, कारण दात इम्ले स्ट्रीटवरच्या संग्रहालयाच्या इमारतीत अजून जबड्यातच आहेत.