धार लावणारे हात आणि तारेचा खरा आवाज

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीतला एक मुलगा गिटार घेऊन स्टेजवर आला. इंझोरीसारख्या गावात गिटार ही अजून नवलाईची चीज. पोरं पुढे सरकून बसली. रिकाम्या तासाला तो वर्गात वाजवायचा तेव्हा त्या लाकडी पेटीतून गोल, ऊबदार आवाज यायचा, तो मी दारात उभा राहून ऐकलेला होता. त्या रात्री मात्र गिटारची वायर मंडपवाल्याच्या मशीनला जोडली आणि स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मशीनवाल्याने बटण वाढवलं तसा मंडप 'हूंऽऽ' करून घुमायला लागला. पोरगं दोन ओळी वाजवून थांबलं. खाली उतरल्यावर मला म्हणालं, "सर, हा माझ्या गिटारचा आवाज नव्हता."

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. विजेचं माझं ज्ञान फ्यूज बदलण्यापलीकडे नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आवाज मोठा करायला जावं आणि तो परकाच होऊन यावा, असं का होतं? विचारत, वाचत गेलो आणि गिटारचा हा प्रश्न मला थेट मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन गेला.

मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी ही मूळची शिकलगार. आमच्या उर्दूच्या वर्गात 'सैक़ल' हा शब्द येतो. अरबी शब्द, अर्थ झिलई, चकाकी. त्याला फारसीचा 'गर' लागला की झाला सैक़लगर, म्हणजे शस्त्राला झिलई आणि धार देणारा. मराठीच्या तोंडी तोच शिकलगार झाला. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि तलवारीचं काम हळूहळू आटलं. १८५७ नंतर इंग्रजांचा शस्त्रांवर पहारा आला, १८७८ मध्ये हत्यारांचा कायदाच झाला. ज्यांच्या हातात लोखंड वाकवायची आणि घासायची कला होती, त्यांनी करायचं काय?

मिरजेचे कारागीर सांगतात ते असं: पटवर्धनांच्या संस्थानात गवई येत, बीनकार येत. वाद्य मोडलं की दुरुस्तीला उत्तरेकडे न्यावं लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी ही दुरुस्ती हाती घेतली, भावाला सोबत घेतलं, आणि दुरुस्ती करता करता नवं वाद्य घडवायला शिकले. पुढे सतारमेकर हेच आडनाव झालं. तलवारीला धार लावणाऱ्या हातांनी तंबोऱ्याला जवारी लावली, असं मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांना ती कविता वाटते. पण हा सरळ कामाचा हिशेब आहे. जवारी म्हणजे घोडीचा माथा कानसेने इतका हलक्या हाताने घासायचा की तार त्याला पुरती टेकणारही नाही आणि पुरती सुटणारही नाही. तार त्या उतारावर घासत थरथरते आणि एका स्वरातून स्वरांचं मोहोळ उठतं. हे काम कानाने ऐकत, केसाएवढं घासत करावं लागतं. हाताला धारेची सवय असल्याशिवाय ते जमत नाही.

आता हा आवाज येतो कुठून ते बघा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. तार एकटी फार क्षीण वाजते. दोन खिळ्यांमध्ये तार ताणून छेडून पाहा, शेजारच्या माणसालाही ऐकू जाणार नाही. तारेची थरथर घोडीत उतरते, घोडीतून तबलीत, तबलीतून भोपळ्यातल्या हवेत. तूण नावाचं हलकं लाकूड आणि पंढरपूर, सोलापूरकडच्या नदीकाठच्या शेतांतून येणारे मोठाले भोपळे, हे सगळं मिळून तारेला आवाज देतात. गिटारचं तेच. तार, घोडी, तबली आणि आतली हवा. ज्याला आपण वाद्याचा आवाज म्हणतो तो या चौघांचा मिळून असतो.

मोठा जमाव आला की मात्र एवढ्यावर भागत नाही. किराण्याहून आलेल्या आणि मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं उदाहरण घ्या. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या आसपासच्या. तेव्हा गायकाला भोंग्यासमोर बसवत आणि आवाजाच्या जोरावर सुई हलवून मेणावर रेघ उमटे. जोरदार आवाज उमटायचा, तंबोऱ्यासारखी हळुवार चीज त्यात जवळजवळ हरवायची. १९२५ पासून विजेचा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला. खाँसाहेबांच्या १९३४-३५ च्या ध्वनिमुद्रिका ऐका, त्यांचा नाजूक, लांब खेचलेला स्वर तिथे नीट पोचतो. मायक्रोफोन हवा ऐकतो. म्हणून चारही जणांचं मिळून जे निघतं ते त्याला ऐकू येतं.

पण मायक्रोफोनचं एक दुखणं आहे. तो स्पीकरचा आवाजही ऐकतो. तो आवाज परत मशीनमध्ये जातो, आणखी मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा आत जातो. आमच्या मंडपातलं 'हूंऽऽ' ते हेच. म्हणून लोकांनी हवेला वगळून सरळ वाद्यालाच कान लावायचा मार्ग शोधला, त्याला पिकअप म्हणतात.

पिकअप मुख्यतः दोन जातींचे. पहिला चुंबकाचा. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते, वर पोलादी तार हलली की गुंडाळीत वीज उठते. अमेरिकेत १९३२ च्या सुमाराला याच युक्तीवर विजेची गिटार बाजारात आली. यात गोम अशी की चुंबकाला फक्त पोलाद कळतं. मी वर्गात जुन्या स्पीकरचा चुंबक घेऊन मुलांना दाखवलं. पोलादी तार टपकन चिकटली, पितळी तार तशीच पडून राहिली. तंबोऱ्याचा खर्ज पितळेचा असतो. म्हणजे ज्या तारेवर सगळा डोलारा उभा, तीच या पिकअपला ऐकू येत नाही. आणि लाकूड तर त्याच्या लेखी नाहीच.

दुसरी जात दाबाची, तिला पिझो म्हणतात. काही स्फटिक दाबले की त्यांतून वीज निघते, हे फ्रान्समध्ये क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. गिटारच्या घोडीवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली असा पातळ तुकडा बसवतात. त्या मुलाच्या गिटारमध्ये हाच होता. याला पितळही कळतं, पण हा बसलेला असतो तारेच्या टाचेखाली. तारेचा पहिला ठोका त्याला फार जोरात लागतो, आणि तबलीने, हवेने त्या ठोक्याला जो गोलवा द्यायचा तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून ते खडे. तंबोऱ्याला हा लावला तर जवारीचं मोहोळ नुसतं खरखर होऊन बसतं.

त्या रात्री आणखी एक चूक झाली होती. पिझोतून निघणारी वीज फार अशक्त असते आणि आम्ही ती सरळ मंडपवाल्याच्या मशीनला जोडली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर विहिरीला पाझर बारीक आणि वर मोटर दहा हॉर्सपॉवरची. उपसा सुरू झाला की खालचे, जड स्वर आधी आटतात आणि राहतो तो चिरका आवाज. मधे प्रीअँप नावाची छोटी डबी लागते, जी या विजेला न ओढता, फार हलक्या हाताने घेते. तिचा अवरोध किमान दहा लाख ओहम असावा, असं जाणकार सांगतात.

इथे कुणी म्हणेल, सर, पिकअप इतका वाईट असेल तर आपल्या कव्वालीतला बेंजो कसा गोड लागतो? बरोबर आहे. मंगरूळपीरला दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरची कव्वाली ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. त्या बेंजोचं दुसरं नाव बुलबुलतरंग. मूळचा जपानी, १९१२ मध्ये नागोया शहरात निघालेला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याच्या तारा पोलादी आणि पेटी लहान, त्यामुळे चुंबकाचा पिकअप त्याला चपखल बसला. मुळात त्याच्या लाकडाचा आवाजच बेताचा होता, म्हणून विजेने त्याचं काही हिरावलं नाही, उलट त्याला एक नवा गळा दिला. तोच बेंजो मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीतही वाजतो. म्हणजे वीज वाईट नाही. ज्याचा आवाज तारेत आहे त्याला एक उपाय, ज्याचा आवाज लाकडात आहे त्याला दुसरा. हा फरक न ओळखणं वाईट.

अमेरिकेतही हे ओळखलं गेलं होतं. १९६७ मध्ये रविशंकरांच्या सतारीची तिकडे धूम होती, तेव्हा कोरल नावाची विजेची सतार निघाली. खरं म्हणजे ती गिटारच. पण बनवणाऱ्यांनी तिला नेहमीची घोडी न लावता रुंद, उताराची घोडी बसवली, तार घासत वाजावी म्हणून. सतारीचा जीव जवारीत आहे हे त्यांनाही चुकवता आलं नाही. मिरजेच्या शिकलगारांनी कानसेने शंभर वर्षं जे केलं होतं, तीच वाट त्यांनी धरली.

मग खरा आवाज मोठा कसा करायचा? मिरजेत मी एका म्हाताऱ्या कारागीर चाचांना हेच विचारलं. ते हसले. तंबोऱ्याच्या तबलीवर माझा हात ठेवायला लावला, तार छेडली, मग हात हळूहळू सरकवला. घोडीजवळ हाताला कडक ठोके लागत होते. कडेकडे गेलो तशी थरथर मऊ झाली. कुठे कान लावायचा ते लाकूडच सांगतं, एवढाच त्यांच्या बोलण्याचा मथळा.

घरी आल्यावर त्या मुलाला घेऊन आम्ही तेच केलं. तबलीला आतून चिकटवायचा पिझो मागवला आणि दुहेरी चिकटपट्टीने जागा बदलत बसवून पाहिला. घोडीच्या अगदी खाली कडक, फार दूर गेला तर दबका. बोट-दोन बोटं सरकवता सरकवता एक जागा सापडली. मधे प्रीअँपची डबी घेतली. पट्टीखालचा जुना पिकअप बारीक ठेवला, त्यातला बोचरा मधला पट्टा आणखी उतरवला. समोर, दांडी जिथे पेटीला मिळते तिथे, वीतभर अंतरावर मायक्रोफोन लावला आणि त्याच्यातले जड स्वर कमी केले, कारण गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि 'हूंऽऽ' बहुधा तिथूनच सुरू होतं. दोन्ही आवाज एकत्र केल्यावर पोकळ वाटलं, तेव्हा प्रीअँपवरचं उलटसुलट करायचं बटण दाबलं आणि आवाज भरला. शेवटी स्पीकर वाजवणाऱ्याच्या पाठीमागून काढून पुढे ठेवले. सोपी गोष्ट, पण मंडपात कुणी करत नाही. आवाज शंभर टक्के वर्गातला झाला असं नाही म्हणणार. पण लाकूड परत आलं.

या सगळ्यात मला एक गोष्ट बोचत राहिली. मिरजेची कीर्ती आपण सांगतो ती गवयांच्या नावाने. खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी संगीत सभा होते, मोठमोठे कलावंत हजेरी लावतात. ते योग्यच आहे. पण ज्यांनी तो तंबोरा घडवला त्यांची नावं आपल्या मराठीच्या पुस्तकांत किती सापडतात? आपला इतिहासही चुंबकाच्या पिकअपसारखाच आहे. चमकणारी पोलादी तार त्याला ऐकू येते. पितळेचा खर्ज, तूणाचं लाकूड, भोपळा पिकवणारा शेतकरी आणि घोडी घासणारा शिकलगार त्याच्या कानाला लागतच नाहीत. आणि मग मराठी संगीतात मुसलमानांचं काय, असा प्रश्न कुणी विचारला की आपण दोन-चार उस्तादांची नावं घेऊन गप्प बसतो. ज्या मैफिलीत एकही मुसलमान गात नाही तिथेही मागे वाजणारा तंबोरा मिरजेच्या शिकलगाराच्या हातचा असू शकतो, हे आपल्याला सुचत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला. पण मानांकनाने पोट भरत नाही. १९७९ मध्ये बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला, आता तर मोबाइलमध्ये तंबोरा आहे. मिरजेचे तरुण कारागीर गप्प बसलेले नाहीत. पिकअप बसवलेले, चपट्या पेटीचे, प्रवासात नेता येणारे तंबोरे तेही बनवतात. त्यांच्या आजे-पणज्यांनी तलवार सोडून तार धरली, तसाच हा बदल. मात्र वाद्य कितीही चपटं झालं तरी जवारी अजून हातानेच लागते.

यंदाच्या २६ जानेवारीला तो मुलगा पुन्हा वाजवायला बसला. मशीनवाला तोच होता. या वेळी वायर जोडण्याआधी त्याने विचारलं, "सर, काय लावायचं, कसं लावायचं?" मी म्हटलं, मला नको, याला विचार. पोराने स्पीकर पुढे सरकवायला सांगितले, डबी जोडली, एक तार छेडली आणि मान हलवली. मग सुरू केलं.