अळ्यांचा शिधा

गुलाबी बोंडअळी कापसाच्या बोंडात शिरून सरकी खात बसते. बाहेरून पत्ता लागत नाही. शेतकऱ्याला ती नकोशी, तर कीटकशास्त्रज्ञाला हवी तेव्हा मिळत नाही. शेतातून वेचलेल्या अळ्या लहान-मोठ्या वयाच्या, काही आधीच रोगट. हंगाम सरला की त्याही संपल्या. औषधाची मात्रा तपासायची तर एकाच वयाच्या, सारख्या पोसलेल्या ढीगभर अळ्या लागतात. या नडीतून अळ्यांचं कृत्रिम खाद्य जन्माला आलं.

आरंभ मात्र पिकांवरच्या किडीपासून झाला नाही. 1908 मध्ये बोग्दानोव्ह यांनी मांसावर वाढणारी माशी कृत्रिम खाद्यावर पोसली. 1935 मध्ये हॉब्सन यांनी अशाच माशीच्या अळ्यांवर दाखवलं, की कोलेस्टेरॉल त्यांना अन्नातूनच मिळावं लागतं. वनस्पती खाणाऱ्या किडी जास्त चोखंदळ. सगळी पोषणद्रव्यं समोर असली तरी चव रुचली नाही तर तोंड लावत नाहीत. 1942 मध्ये अमेरिकेत बॉटगर यांनी मका पोखरणाऱ्या अळीसाठी खाद्य तयार करून ही कोंडी फोडली.

कापसाच्या किडींचा भटारखाना मांडला तो एर्मा व्हँडरझँट यांनी. 1956 मध्ये रायझर यांच्यासोबत त्यांनी गुलाबी बोंडअळी निर्जंतुक, कृत्रिम माध्यमावर वाढवली. 1960 मध्ये अ‍ॅडकिसन आणि इतरांसह गव्हाच्या अंकुराचा भाग वापरून खाद्य केलं; प्रथिनं, स्निग्धांश आणि बरीचशी जीवनसत्त्वं त्यात एकत्रच मिळाली. 1962 मध्ये कापसावरच्या तीन किडींच्या पोषणात क जीवनसत्त्वाचं काय काम, हेही त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं.

भारतात गव्हाची जागा हरभऱ्यानं घेतली. 1974 मध्ये नागरकट्टी आणि प्रकाश यांनी बंगळूरहून हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीच्या कृत्रिम खाद्याची कृती प्रसिद्ध केली. हरभऱ्याच्या पिठावरच्या अशा खाद्याची रीत साधारण अशी: पीठ, यीस्ट आणि बुरशी रोखणारी द्रव्यं मिक्सरमध्ये फिरवायची, वेगळं उकळलेलं चायना ग्रास त्यात ओतायचं. क जीवनसत्त्व उष्णतेनं नासतं, म्हणून ते मिश्रण कोमट झाल्यावरच घालायचं. थिजलेल्या खाद्याच्या वड्या कापून कप्प्यांत ठेवायच्या. मोठी झालेली घाटेअळी शेजारणीलाही खाते, म्हणून एका कप्प्यात एकच.

एकदा अळी बारमाही मिळू लागल्यावर तिच्याविरुद्धची हत्यारंही तिच्याच शिध्यावर घडू लागली. घाटेअळीला मारणारा विषाणू वाढवायला जिवंत घाटेअळ्याच लागतात. त्या या खाद्यावर पोसल्या जातात. अमेरिकेत फिनिक्सच्या केंद्रात गुलाबी बोंडअळीचे पतंग मोठ्या संख्येनं वाढवून, किरणोत्सारानं वांझ करून शेतांवर सोडले. अळ्यांच्या खाद्यातच लाल रंग मिसळलेला असे. सापळ्यात सापडलेला पतंग केंद्रातला की रानातला, हे त्या रंगावरून कळे. वांझ पतंग, अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस आणि कामगंधाचा वापर यांच्या मेळानं 2018 मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून या किडीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे अशाच कृत्रिम खाद्यात बीटीचं विष वेगवेगळ्या मात्रेत मिसळून अळ्यांचा कस पाहतात. गुजरातेत अमरेलीच्या शेतांतल्या गुलाबी बोंडअळ्या क्राय 1 एसी हे बीटीचं विष पचवू लागल्याचं धुरुआ आणि गुजर यांच्या 2011 च्या अभ्यासात दिसलं. 2017 मध्ये विदर्भात बीटी कापसाची बोंडं याच अळीनं पोखरली, त्याची पूर्वसूचना प्रयोगशाळेतल्या या कप्प्यांनी सहा वर्षं आधीच दिली होती.