समोरचा संगणक कोण? एनएफएसमधील ओळखीचा इतिहास

१/१०
एका सर्व्हरवरील फाइली शेकडो संगणक वापरतात. अशा वेळी ‘समोरचा संगणक नेमका कोण?’ हे सर्व्हरला कळले नाही, तर एकाने राखून ठेवलेल्या फाइलवर दुसरा लिहून जातो. नेटवर्क फाइल सिस्टिमच्या, अर्थात एनएफएसच्या इतिहासात या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. त्यांचा हा धागा. 🧵

२/१०
१९८५. सन मायक्रोसिस्टिम्सचे रसेल सँडबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी पोर्टलंड येथील यूझनिक्स परिषदेत एनएफएसची रचना मांडली. मुख्य तत्त्व असे की, सर्व्हरने क्लायंटविषयी काहीही लक्षात ठेवायचे नाही. कोणती फाइल, कुठून आणि किती वाचायची, हे प्रत्येक विनंतीतच सांगितलेले असे.

३/१०
या विस्मरणाचा लाभ मोठा होता. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी हरवण्यासारखे त्याच्याजवळ काही नसे. क्लायंट उत्तर मिळेपर्यंत तीच विनंती पाठवत राही. प्रवेश कोणाला द्यायचा एवढे तपासले, की काम भागे. पहिले उत्तर हेच: ओळख ठेवण्याची गरज नाही.

४/१०
अडचण आली ती कुलपांमुळे. दोघांनी एकाच वेळी एकाच फाइलवर लिहू नये म्हणून तिला कुलूप, म्हणजे लॉक, लावावे लागते. आणि ते कोणी लावले हे विसरून चालत नाही. म्हणून एनएफएसच्या जोडीला दोन स्वतंत्र सेवा आल्या. लॉक मॅनेजर कुलपांची नोंद ठेवी. कोणता संगणक बंद पडून पुन्हा उठला, हे स्टेटस मॉनिटर कळवी.

५/१०
दुसरे उत्तर होते हॉस्टनेम. पुन्हा सुरू झालेला क्लायंट आपले नाव कळवी आणि सर्व्हर त्या नावाची जुनी कुलपे काढी. पण नोंदीत नाव छोटे आणि निरोपात डोमेनसह पूर्ण असले, तर जुळणी फसे. क्लायंट परतलाच नाही, तर त्याचे कुलूप तसेच लटकत राही.

६/१०
डिसेंबर २००० मध्ये आरएफसी ३०१० द्वारे चौथी आवृत्ती आली. एप्रिल २००३ मध्ये आरएफसी ३५३० ने तिची जागा घेतली. आता क्लायंट आपली ओळख दोन भागांत देऊ लागला: पुन्हा सुरू झाल्यावरही न बदलणारे नाव आणि दर वेळी बदलणारा ८ बाइटांचा व्हेरिफायर. त्यावरून सर्व्हर ६४ बिटांचा क्लायंट आयडी देई.

७/१०
नाव जुने, व्हेरिफायर नवा. म्हणजे तोच संगणक पुन्हा सुरू झाला आहे, त्याची जुनी कुलपे रद्द करावीत. जो परतच येत नाही, त्याच्यासाठी लीजची मुदत. लिनक्स सर्व्हरवर ती सहसा ९० सेकंदांची असते. हे तिसरे उत्तर.

८/१०
धोका याच तर्कात दडलेला आहे. दोन वेगळ्या संगणकांनी एकच नाव सांगितले तर? त्यांची सुरक्षा-ओळख भिन्न असेल, तर सर्व्हर दुसऱ्याला नकार देतो. ती सारखी असेल, तर दुसरा म्हणजे पुन्हा सुरू झालेला पहिलाच, असे समजून तो पहिल्याची कुलपे काढून टाकतो. पहिला पुन्हा नोंदणी करतो, तेव्हा दुसऱ्याची जातात. दोघेही आपापल्या परीने नियमानेच वागत असतात.

९/१०
जानेवारी २०१० मधील ४.१ आवृत्तीने नोंदणीची पद्धत बदलली, तरी नाव आणि व्हेरिफायर ही जोडी कायम ठेवली. या आवृत्तीत लिनक्स क्लायंट आपले नाव मुख्यतः हॉस्टनेमवरून बनवतो. एकाच प्रतिमेवरून उभारलेल्या डिस्कविरहित संगणकांची किंवा कंटेनरांची हॉस्टनेम सारखी असू शकतात. त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र यूयूआयडीसारखी खूण जोडावी, असे लिनक्स कर्नलचे दस्तऐवज सुचवतात.

१०/१०
विसरणाऱ्या सर्व्हरला नावांशी कर्तव्य नव्हते. ‘ही फाइल तुझ्यासाठी राखून ठेवतो’ असे वचन त्याने दिले, त्या दिवसापासून वचन कोणाला दिले हे जाणणे अटळ झाले. नाव अनन्य असावे, अशी अपेक्षा प्रोटोकॉल करतो. पण ते तसे ठेवण्याचे काम आजही यंत्रे उभारणाऱ्या माणसाकडेच आहे.