मोबाइलच्या लहरींनी उंदरांच्या हृदयात गाठी झाल्या, हे खरं. पण माणसांचं काय?

गावात टॉवर उभा राहणार म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: 'अमेरिकेत सिद्ध झालं, मोबाइलच्या लहरींनी हृदयाचा कॅन्सर होतो.' वऱ्हाडात हिवरखेड नावाची एकाहून जास्त गावं आहेत, त्यातलं एक तेल्हारा तालुक्यात आणि एक मोर्शी तालुक्यात. कुठल्याही हिवरखेडात टॉवरचा विषय काढून बघा, हा मेसेज पुढे येईलच. तो पूर्ण खोटा नाही, म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा.

मोबाइलच्या लहरी मायक्रोवेव्हच्याच पट्ट्यात येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने, म्हणजे एनटीपीने, या लहरींचा मोठा प्रयोग केला. त्याचा अंतिम अहवाल नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. उंदरांना आईच्या पोटात असल्यापासून दोन वर्षं, रोज सुमारे ९ तास ९०० मेगाहर्ट्झच्या टूजी-थ्रीजी लहरींत ठेवलं होतं.

नरांच्या हृदयात 'श्वानोमा' नावाच्या घातक गाठी सापडल्या. (इथे कुत्र्याचा संबंध नाही. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून मज्जातंतूंभोवतीच्या पेशींना हे नाव पडलं.) सर्वात तीव्र जीएसएम लहरींतल्या ९० नरांपैकी ५ जणांना, तर सीडीएमए लहरींतल्या ९० पैकी ६ जणांना ही गाठ झाली. लहरींपासून दूर ठेवलेल्या ९० नरांत एकालाही नाही. एनटीपीने याला 'स्पष्ट पुरावा' म्हटलं. मात्र माद्यांत तसं ठोस काही दिसलं नाही आणि 'माउस' या लहान जातीतही नाही. गंमत म्हणजे लहरी सोसलेले नर इतरांपेक्षा जास्त जगले. का, ते कोडंच आहे.

आता मुद्दा मात्रेचा. लहरींची किती ऊर्जा शरीर शोषतं, ते किलोमागे वॅटमध्ये मोजतात. या उंदरांच्या अख्ख्या शरीराला १.५, ३ आणि ६ वॅट अशी मात्रा दिली होती. सामान्य माणसाच्या पूर्ण शरीरासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे ०.०८ वॅट. म्हणजे सर्वात जास्त मात्रा मर्यादेच्या ७५ पट.

'मग विषय संपला,' असं टॉवर कंपनीचा माणूस म्हणेल. तेही बरोबर नाही. २०१८ मध्येच इटलीच्या रामाझिनी संस्थेने २,४४८ उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लहरी टॉवरसारख्या दुरून आणि बऱ्याच सौम्य होत्या, पण रोज १९ तास. तरीही सर्वात वरच्या मात्रेला, म्हणजे मीटरमागे ५० व्होल्टला, नरांच्या हृदयात त्याच गाठी वाढलेल्या दिसल्या. ही मात्रा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या किंचित खालीच येते. भारताने मात्र १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्या मर्यादेचा दहावा भागच ठेवला. इटलीतली ती मात्रा ऊर्जेच्या हिशेबाने भारतीय मर्यादेच्या सुमारे सात पट भरते.

जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२५ च्या आढाव्यातही नर उंदरांच्या हृदयातल्या गाठींचा पुरावा भक्कम मानला आहे. माणसांवरच्या अभ्यासांचा २०२४ चा आढावा मात्र मोबाइल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दाखवत नाही. म्हणजे उंदरांचा निष्कर्ष खरा, पण तो जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही.

याचा गावाशी संबंध कसा, ते सांगली जिल्ह्यातल्या चिकुर्डे ग्रामपंचायतीला विचारा. कॅन्सरच्या भीतीने टॉवरविरुद्ध केलेला तिचा ठराव २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, कारण त्यामागे शास्त्रीय आधार नव्हता. फॉरवर्ड मेसेज कोर्टात टिकत नाही. मोजलेला आकडा टिकू शकतो.

तो मिळवायची सोय आहे. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर गावातल्या टॉवरची माहिती दिसते आणि ४,००० रुपये भरून लहरींची मोजणीही मागता येते. हातातल्या फोनसाठी *#०७# डायल करा. बहुतेक फोनवर 'सार' नावाचा आकडा येतो. भारतात तो किलोमागे १.६ वॅटच्या आत असायला हवा.